हवेची तहान

जुलै महिना, कोकणातलं एक कॉलेज आणि कौलांवर सरींचा मारा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या आम्ही चौघी जणी एका बुडबुड्यावर डोळे लावून बसलो होतो. समोर गॅनाँगचा पोटोमीटर होता. काचेची बारीक आडवी नळी, तिच्या एका टोकाला पाण्याने काठोकाठ भरलेलं काचपात्र, त्यात बुचातून खोवलेली तेरड्याची फांदी आणि नळीचं दुसरं टोक चंचुपात्रातल्या पाण्यात. फांदी पाणी ओढते तसा नळीत मुद्दाम सोडलेला हवेचा बुडबुडा तिच्याकडे सरकतो. किती मिनिटांत किती सरकला ते लिहायचं, एवढाच प्रयोग. आमचा बुडबुडा अर्ध्या तासात जेमतेम दोन रेघा हलला आणि तिथेच बसला.

बूच तपासलं, व्हॅसलीन पुन्हा लिंपलं, दुसरी फांदी आणली, तीही पाण्याखाली धरून कापली. (हवेत कापली तर खोडातल्या पाणवाहिन्यांत हवा शिरते आणि पाण्याची दोरी तुटते.) काही उपयोग झाला नाही. शेवटी वर्गात शहाण्या मुली करतात तेच आम्ही केलं: वरच्या वर्गाच्या जर्नलमधून आकडे उतरवले आणि सही घेतली.

पुढे नोकरीनिमित्त नागपूरला गेले. एप्रिलमध्ये मुलांसमोर तोच प्रयोग लावला, तर बुडबुडा असा धावला की दर पाच मिनिटांनी त्याला मागे ढकलावं लागत होतं. तेव्हा कळलं की कोकणातल्या त्या दुपारी आमचं उपकरण बिघडलं नव्हतं. जर्नलमध्ये उतरवलेले आकडे खोटे होते आणि जेमतेम हललेला बुडबुडा खरं सांगत होता: आज हवेला तहान नाही.

झाड पाणी ‘सोडतं’ असं आपण म्हणतो. पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाते, त्याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. शब्दात उच्छ्वास असला तरी पान काही फुंकर मारून वाफ बाहेर टाकत नाही. पानाच्या आत पेशींच्या मधल्या पोकळ्या पाण्याच्या वाफेने जवळजवळ पूर्ण भरलेल्या असतात. बाहेरची हवा त्याहून कोरडी असली की वाफ आपसूक बाहेर निघते. ओढणारी हवा असते. झाडाच्या हातात असतं ते फक्त दार लोटून घेणं.

या ओढीचा हिशेब मांडता येतो. एक घनमीटर हवा, म्हणजे साधारण मोठ्या कपाटात मावेल इतकी हवा, किती ग्रॅम वाफ सामावू शकते हे तिच्या तापमानावर ठरतं. २८ अंशांना ती सुमारे २७ ग्रॅम वाफ धरते. पावसाळ्यात आर्द्रता ९२ टक्के असेल, तर त्यातली २५ ग्रॅम आधीच आलेली असते. जागा उरते दोन ग्रॅमची. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर ही जागा साधारण १२ ग्रॅम होते. नागपुरात त्याच दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ती होते ५० ग्रॅम. म्हणजे दोन, बारा आणि पन्नास. आमचा बुडबुडा का बसून राहिला ते या तीन आकड्यांत आहे. नागपूरचा कूलर मुंबईत नेऊन लावणाऱ्याच्या पदरी फक्त दमट वारा का पडतो, तेही यातच आहे. कूलरची वाळ्याची ताटी आणि झाडाचं पान एकाच हवेला पाणी पाजत असतात.

म्हणून नुसती ‘आर्द्रता इतके टक्के’ ही बातमी झाडाच्या दृष्टीने अर्धवट असते. ५० टक्के आर्द्रता थंडीच्या सकाळी आणि उन्हाळ्याच्या दुपारी एकच गोष्ट सांगत नाही. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद झपाट्याने वाढते. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की जवळपास तिप्पट होते. त्यात पानाचं स्वतःचं तापमान हवेपेक्षा वेगळं असतं. उन्हातलं पान हवेहून गरम झालं की आतल्या वाफेचा दाब आणखी वाढतो. त्यामुळे कोंदट हवेतही ऊन पडलं की पान पाणी गमावू शकतं. आमच्या प्रयोगशाळेत तर ऊनही नव्हतं; नळीवरच्या रेघा वाचायला दिवा लावावा लागला होता.

हे सगळं वजनकाट्यावर मोजायचं पहिल्यांदा नीट जमवलं ते एका पाद्र्याने. स्टीफन हेल्स हा लंडनजवळच्या टेडिंग्टनचा धर्मगुरू. घोड्याचा रक्तदाब पहिल्यांदा मोजणाराही हाच. प्राणी असो की झाड, आत काय वाहतंय ते मापल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जुलै १७२४ मध्ये त्याने साडेतीन फूट उंचीचं कुंडीतलं सूर्यफूल घेतलं. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून फटी बुजवल्या, म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही आणि जे जाईल ते झाडातूनच जाईल. पाणी घालायला छोटं छिद्र ठेवलं, एरवी तेही बंद. मग सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याने असे पंधरा दिवसांचे आकडे घेतले.

बारा तासांच्या दिवसात ते सूर्यफूल सरासरी एक पौंड चार औंस, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमांहून थोडं अधिक पाणी गमावत होतं. एका कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी हा आकडा साडेआठशे ग्रॅमांच्या घरात गेला. उबदार, कोरड्या रात्री मात्र फक्त तीन औंस. दव पडलं तर काहीच नाही, आणि जास्त दव किंवा पाऊस झाला तर कुंडीचं वजन उलट दोन-तीन औंसांनी वाढलेलं. ऊन, उष्णता, कोरडेपणा, रात्र आणि दव, बाष्पोच्छ्वासावर परिणाम करणारे घटक म्हणून आपण जे पाठ करतो त्यातले बहुतेक या एका कुंडीने सांगून टाकले आहेत. हेल्स तिथेही थांबला नाही. त्याने पानं आकाराप्रमाणे गटांत वाटली, प्रत्येक गटातलं एक पान मोजलं आणि त्यावरून सगळ्या पानांचं क्षेत्रफळ काढलं, ते भरलं ३९ चौरस फूट. मग माणसाच्या घामाशी तुलना करून सांगितलं की आकारमानाच्या हिशेबात सूर्यफूल माणसाच्या सतरापट पाणी टाकतं. हे सारं १७२७ मध्ये त्याच्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या पुस्तकात आलं.

हा प्रयोग आज कुणालाही घरी करता येतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या. तुळशीच्या छोट्या कुंडीला नीट पाणी द्या, जादाचं पाणी निथळू द्या आणि संपूर्ण कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड खोडाशी सुतळीने बांधा. झाड बाहेर, माती आत. सकाळी आणि संध्याकाळी वजन करा. माझ्या मते या प्रयोगाइतका प्रामाणिक दुसरा प्रयोग नाही. यात पानाला चिमटा लावावा लागत नाही, फांदी कापावी लागत नाही, झाड आपल्या मनासारखं वागत राहतं.

पोटोमीटरचं तसं नाही. हे नाव ‘पॉट’वरून आलं असं मुलांना वाटतं, खरं तर ते पिण्याच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे, आणि ते उपकरण तेवढंच मोजतं. फांदीने किती पाणी प्यायलं ते कळतं, किती गमावलं ते कळत नाही. दोन्ही बहुतेक वेळा जवळपास सारखे असतात, कारण झाड जे पाणी घेतं त्यातलं सत्त्याण्णव टक्के किंवा त्याहून अधिक पानांतून उडूनच जातं. पण कोमेजलेली फांदी लावली, तर ती आधी स्वतःची तहान भागवते. तेव्हा बुडबुडा पळतो आणि पानांतून फार काही जात नसतं. भर दुपारी याच्या उलट घडतं: पान गमावतं जास्त, मुळांकडून येतं कमी, आणि पीक माना टाकतं. मापही अगदी सूक्ष्म असतं. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत बुडबुडा दहा सेंटिमीटर सरकला, तर फांदी प्यायली ०.०८ मिलिलिटर, म्हणजे दीड थेंब.

आता दाराकडे येऊ. पानावर मेणचट थर असतो, त्यातून पाणी फारसं जात नाही. जातं ते पर्णरंध्रांतून. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर-दोनशे रंध्रं सहज सापडतात, आणि सगळी सताड उघडली तरी त्यांची तोंडं मिळून पानाच्या पृष्ठभागाचा एखादा टक्काच व्यापतात. तरीही तेवढ्याच आकाराच्या उघड्या पाण्यावरून जेवढी वाफ जाईल, तिच्या निम्म्यापर्यंत पाणी पान गमावू शकतं. एक टक्का दारांतून पन्नास टक्के माल कसा बाहेर पडतो? इंग्लंडमधल्या क्यू उद्यानातील जॉड्रेल प्रयोगशाळेतल्या होरेस ब्राऊन आणि फर्ग्युसन एस्कोम्ब यांनी १९०० मध्ये याचं उत्तर दिलं. अगदी लहान भोकातून वाफ सरळ रेषेत बाहेर येत नाही, काठाशी येताच ती पंख्यासारखी चहूबाजूंना पसरते. त्यामुळे तिचा वेग भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसून व्यासावर असतो. एका मोठ्या भोकापेक्षा विखुरलेली हजार बारीक भोकं कितीतरी जास्त वाफ सोडतात. जत्रेत एकाच मोठ्या कमानीतून गर्दी सोडण्यापेक्षा अनेक लहान फाटकं ठेवली की माणसं लवकर पांगतात, तसंच काहीसं.

बहुतेक झाडांत रंध्राच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन रक्षकपेशी असतात. त्यांच्यात पोटॅशियमचे आयन शिरले की मागोमाग पाणी शिरतं, त्या फुगतात, बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट उघडते. आयन बाहेर गेले की पेशी ढिल्या पडतात आणि दार मिटतं. उजेड झाला की उघडायचं, आतला कार्बन डायऑक्साइड संपत आला की आणखी उघडायचं, मातीत पाणी कमी पडलं की मुळं-पानांत तयार होणाऱ्या अॅब्सिसिक आम्लाच्या सांगण्यावरून मिटायचं. ही सारी कसरत कशासाठी? दार उघडलं नाही तर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि अन्न तयार होत नाही. उघडलं तर पाणी जातं. गव्हासारख्या पिकात कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घेताना पाण्याचे काही शे रेणू बाहेर जातात. सौदा तोट्याचाच, पण झाडापुढे दुसरा बाजार नाही.

हा सौदा ज्याने त्याने आपापल्या परीने सोसला आहे. ज्वारी आणि मका कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या रसायनाने पकडून ठेवतात, त्यामुळे दार थोडंच उघडूनही त्यांचं भागतं. एवढ्याच धान्यासाठी गव्हाला लागतं त्याहून त्यांना बरंच कमी पाणी लागतं. पाणी फारच तुटलं की ज्वारीची पानं सुरळी करून घेतात. कण्हेरीची रंध्रं पानाच्या खालच्या अंगाला केसाळ खळग्यांत दडलेली असतात. तिथे वारा पोचत नाही, म्हणून ओलसर हवेची गादी टिकून राहते. निवडुंग आणि घायपात तर दिवसा दुकान बंदच ठेवतात. रात्री हवा थंड आणि ओलसर झाल्यावर रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा तो आतल्या आत वापरतात. विदर्भातल्या सागाने सर्वांत सोपा उपाय काढला: उन्हाळ्यात पानंच झाडून टाकायची.

वाऱ्याची गोष्ट मात्र वाटते तितकी सरळ नाही. पानाला चिकटून दमट हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो, म्हणून पाणी जास्त जातं, हे खरं. पण रखरखीत उन्हात तापलेल्या रुंद पानाला वारा गारवाही देतो, आणि पान गार झालं की आतल्या वाफेचा दाब घटतो. शिवाय जोराच्या कोरड्या वाऱ्यात रंध्रं मिटूनही जातात. त्यामुळे वारा वाढला म्हणून बाष्पोच्छ्वास वाढलाच, असं डोळे मिटून लिहू नये. पाठ्यपुस्तकं तसं लिहितात खरी.

दारं उघडी आहेत की बंद, हे बघायची गंमत १८९४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे एर्न्स्ट श्टाल याने शोधली. कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात भिजवून वाळवलेला टिपकागद निळा असतो. ओल लागली की गुलाबी होतो. त्याचे दोन तुकडे पानाच्या वर आणि खाली ठेवून, काचपट्ट्यांनी दाबून, चिमट्याने पकडायचे. खालचा कागद काही मिनिटांत गुलाबी होतो, वरचा बराच वेळ निळा राहतो. वर्गात याइतका टाळ्या घेणारा प्रयोग नाही. पण यात दोन अडचणी आहेत. कोबाल्ट क्लोराइड विषारी आहे, मुलांच्या हातात नुसतं देऊ नये. आणि काचपट्टी ठेवली की पानावरचा वारा बंद, ऊन कमी, जवळची हवा दमट. मोजायला गेलेला माणूस पानाची परिस्थितीच बदलून टाकतो.

चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यालाही हीच खोच लागली होती. १८९८ मध्ये त्याने शिंगाची अगदी पातळ पट्टी पानावर ठेवून, ओल लागली की ती किती वाकते हे पाहिलं. पुढे १९११ मध्ये डोरोथिया पर्ट्झ यांच्यासोबत त्याने पोरोमीटर केला. पानाच्या खालच्या बाजूला काचेचं छोटं भांडं चिकटवायचं, त्याला जोडलेल्या नळीत पाण्याचा स्तंभ उभा करायचा. स्तंभ खाली येताना हवा पानातून खेचली जाते; रंध्रं उघडी असतील तर तो भराभर उतरतो, मिटलेली असतील तर हळूहळू. आजचे हातात धरायचे पोरोमीटर दिसायला वेगळे आहेत. ते बहुधा पानातून चेंबरमध्ये किती वाफ येते त्यावरून रंध्रांची मोकळीक काढतात. प्रश्न मात्र तोच: दार किती उघडं आहे?

उभ्या मोठ्या झाडाचं काय? त्याला काट्यावर चढवता येत नाही. मग खोडात दोन सुया रोवतात, एकीला थोडी ऊब देतात आणि वर चढणारा रस ती ऊब किती लवकर वाहून नेतो ते पाहतात. त्यावरून रसाचा वेग आणि त्यावरून दिवसाचं पाणी निघतं. एखादं भरदार झाड दिवसाला १०० लिटर पाणी हवेत सोडतं, असं धरा. पाण्याची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते. तेवढ्या पाण्याबरोबर जी उष्णता निघून जाते, ती काढायला दीड टनाच्या एसीला बारा-तेरा तास चालावं लागेल. दुसरा मार्ग लांबूनच तापमान पाहण्याचा. पाणी सोडणारं पान गार राहतं, दार मिटलेलं पान तापतं. त्यामुळे अवरक्त तापमापकाने शेतावर नुसती नजर टाकूनही पीक तहानलंय का ते कळतं.

शेताचं खरं माप मात्र लायसिमीटरचं. मातीने भरलेली मोठी पेटी शेतात जमिनीच्या पातळीत पुरतात, खाली काटा असतो, आत आणि बाहेर तेच पीक. काट्यावरची घट म्हणजे पानांतून गेलेलं आणि मातीतून उडालेलं मिळून पाणी. पेटीभोवती तेच पीक हवंच. फरशीच्या अंगणात ठेवलेली एकटी कुंडी चारी बाजूंनी तापलेल्या कोरड्या हवेत उभी असते आणि शेतातल्या तिच्या भावंडापेक्षा कितीतरी जास्त पाणी गमावते. म्हणून कुंडीवरचा आकडा एकराला लावू नये. हिशेब सोपा आहे: एका चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी गेलं म्हणजे एक लिटर गेलं. एकरभर पिकावरून दिवसाला पाच मिलिमीटर गेलं, तर २० हजार लिटर. गावात पाण्याचा टँकर येतो तो दहा हजार लिटरचा धरला, तर दोन टँकर. तेही दररोज.

प्रत्येक शेतात लायसिमीटर पुरणं परवडत नाही. म्हणून हवेची तहान थेट मोजतात. कृषी हवामान केंद्रांच्या आवारात एक गोल, उथळ, पांढरं पात्र दिसतं. सव्वा मीटर व्यासाचं आणि पाव मीटर खोल. वर तारेची जाळी, नाहीतर कावळे आणि कुत्री आकड्यांत आपली भर घालतील. रोज सकाळी त्यातलं पाणी किती मिलिमीटर उतरलं ते नोंदवतात. उघडं पात्र पिकापेक्षा जास्त पाणी गमावतं, म्हणून तो आकडा साधारण ०.७ ने गुणतात, आणि मग पिकाच्या वयाप्रमाणे पीक गुणांकाने.

एक उदाहरण करून बघा. डाळिंबाची बाग, अंतर साडेचार बाय तीन मीटर, म्हणजे झाडामागे साडेतेरा चौरस मीटर. सोपं जावं म्हणून पीक गुणांक बाजूला ठेवू. फक्त झाडाची सावली त्यातल्या ४० टक्के जागेवर पडते असं धरू. एप्रिलच्या कडक दिवशी पात्रातलं पाणी नऊ मिलिमीटर उतरलं, तर झाडाची गरज येते सुमारे ३४ लिटर. झाडाला ताशी चार लिटरचे चार ड्रिपर असतील, तर ठिबक दोन तासांहून थोडं जास्त चालवावं लागेल. त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं, वारा पडला आणि पात्रातलं पाणी चारच मिलिमीटर उतरलं, तर गरज १५ लिटरांवर येते. तेवढ्याला तासभरही लागत नाही. बागेतला टायमर मात्र दोन्ही दिवशी दोन तासांवरच लावलेला असतो.